आकडे आमचे, हिशेब कोणाचा?

शेतकऱ्याच्या दारीं पाऊस वेळेवर येवो न येवो, सल्ला देणारे मात्र वेळेवर येतात. कोणी नवें बियाणें घेऊन येतो, कोणी खताची गोणी, कोणी औषधाची बाटली; आणि प्रत्येकाजवळ आकडे असतात. "अमक्या गांवीं एकरीं दोन क्विंटल जास्त आले, तमक्याच्या शेतांत दीडपट उतारा पडला," असें सांगून तो पुढच्या गांवास जातो. आकडा ऐकला म्हणजे आपण गप्प बसतों. कारण शब्दाशीं वाद घालतां येतो, आकड्याशीं तो कसा घालावा हें आपणांस कोणी शिकविलेलें नसतें. त्या वादाचें शास्त्र कोणतें, आणि त्या शास्त्राचें विनामूल्य मिळणारें एक अवजार कोणतें, याची ओळख वाचक बंधुभगिनींस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

गेल्या खरिपांत आमच्या एका सभासदांच्या शेतावर सोयाबीनवर फवारावयाच्या एका औषधाचें प्रात्यक्षिक झालें. फवारलेला तुकडा आणि न फवारलेला तुकडा शेजारींशेजारीं होते. मळणीनंतर वजन केलें तों फवारलेल्या तुकड्याचें माप खरोखरच जास्त भरलें. जमलेल्या मंडळींपैकीं निम्म्यांनीं तेथल्या तेथें बाटल्या घेतल्या. घरीं परततांना एका वृद्ध सभासदांनीं सहज विचारलें, "फवारलेला तुकडा विहिरीच्या अंगाला होता ना? तेथें पूर्वीं उकिरडा होता." आम्ही सर्वच चपापलों. औषध वाईट होतें असें आमचें म्हणणें नाहीं. तें चांगलेंहि असेल. परंतु जास्त भरलेलें माप औषधाचें कीं उकिरड्याच्या जुन्या खताचें, हें त्या एका तुकड्यावरून ब्रह्मदेवालाहि सांगतां आलें नसतें. बाटल्यांचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

जमीन सारखी नसते

एकाच बांधाच्या आंतली जमीनहि सारखी नसते, हें शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. कोठें पाणी मुरतें, कोठें साचतें. कोठें मुरूम वर आलेला, कोठें गाळ बसलेला. मग दोन तुकड्यांच्या उत्पन्नांत पडलेला फरक खताचा कीं मातीचा, हें ओळखावें कसें?

या प्रश्नाचें उत्तर संख्याशास्त्राच्या ग्रंथालयांत नव्हे, शेतांतच सांपडलें. इंग्लंडांतील हार्पेंडन गांवाजवळ रोथॅमस्टेड येथें १८४३ सालापासून खतांचे प्रयोग चालत आले होते आणि आकड्यांच्या वह्यांचे ढीग सांचले होते. ते उलगडण्यासाठीं १९१९ सालीं रोनाल्ड फिशर या तरुण गणित्यास तेथें नेमण्यांत आलें. जुन्या वह्या चाळतां चाळतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, प्रयोग मुळांत नीट मांडला नसेल तर मागाहून कितीहि गणित केलें तरी तें व्यर्थ होय. त्यांतून त्यांनीं प्रयोगाच्या मांडणीचे तीन नियम घालून दिले. पहिला, एक खत एकाच तुकड्यांत न घालतां अनेक तुकड्यांत घालावें. दुसरा, कोणत्या तुकड्यास कोणतें खत, हें आपण न ठरवितां चिठ्ठ्या टाकून ठरवावें. म्हणजे आवडत्या खतास चांगली जमीन मिळण्याचा मोह उरत नाहीं. तिसरा, शेताचे असे गट पाडावे कीं एका गटांतील तुकडे होतां होईल तों सारखे असतील, आणि तुलना गटांतल्या गटांत करावी. फिशर यांचे या विषयावरील दोन प्रसिद्ध ग्रंथ १९२५ व १९३५ सालीं निघाले. आज जगांतील औषधांच्या चाचण्यासुद्धां याच नियमांनीं होतात. त्यांचें मूळ मात्र शेताच्या बांधावर आहे.

आपल्याकडेहि या शास्त्राची परंपरा लहान नाहीं. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडन येथें संख्याशास्त्र शिकून आले आणि भारतीय कृषि संशोधन परिषदेंत त्यांनीं त्या शास्त्राचा पाया घातला. विनायक गोविंद पानसे यांच्यासह त्यांनीं लिहिलेला, शेतीसंशोधकांस संख्याशास्त्राच्या पद्धति शिकविणारा इंग्रजी ग्रंथ १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. कृषि महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. चिठ्ठ्या टाकून शेतें निवडावीं, त्यांतील ठराविक तुकड्याचें पीक कापून मोजावें आणि त्यावरून मोठ्या क्षेत्राचें उत्पन्न ठरवावें, ही पीककापणी प्रयोगाची पद्धत आपल्या देशांत रुजविण्यांत या दोघांचा मोठा वांटा आहे.

हिशेबाची अडचण

मांडणी समजली तरी हिशेब उरतो. चोवीस तुकड्यांचीं वजनें घेऊन त्यांतील किती फरक मातीचा, किती खताचा आणि किती निव्वळ योगायोगाचा, हें वेगळें करणें हें पूर्वीं दिवसभराचें काम होतें. पुढें संगणक आले आणि दिवसाचें काम क्षणाचें झालें. परंतु त्यासाठीं लागणारें सॉफ्टवेअर बहुधा परवान्यानें विकत घ्यावें लागे, आणि कित्येक परवाने दरवर्षीं नवे करावे लागत. मोठ्या संस्थेस तें परवडे. तालुक्याच्या गांवच्या विद्यार्थ्यास किंवा आमच्यासारख्या मंडळास तें कोठून परवडावें? शिवाय पेटी बंद ती बंदच. आंत हिशेब कोणत्या रीतीनें झाला, हें पैसे भरणाऱ्यासहि पाहतां येत नसे.

ही कोंडी फोडणाऱ्या अवजाराचें नांव 'आर' असें एका अक्षराचें आहे. त्याची कथा थोडक्यांत अशी. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७६ सालीं जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांनीं 'एस' नांवाची संख्याशास्त्रीय संगणक-भाषा रचावयास आरंभ केला. पुढें न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन अध्यापकांनीं तिच्या वळणावर आपली एक लहानशी भाषा तयार केली. दोघांच्याहि नांवाचें आद्याक्षर 'आर', आणि 'एस'च्या शेजारचें अक्षरहि 'आर'; तेंच नांव तिला पडलें. ती विकून पैसे करण्याचा मार्ग त्यांस मोकळा होता. परंतु स्वित्झर्लंडमधील एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून १९९५ सालीं त्यांनीं ती सर्वांस मुक्त केली. तिची पहिली पूर्ण आवृत्ति २९ फेब्रुवारी २००० रोजीं प्रसिद्ध झाली. आज निरनिराळ्या देशांतील संख्याशास्त्रज्ञांचें एक मंडळ ती सांभाळतें.

बियाणें आणि सावड

मुक्त, म्हणजेच ज्यास ओपन सोर्स म्हणतात तें सॉफ्टवेअर, याचा अर्थ केवळ फुकट असा नव्हे. शेतकऱ्यास तो बियाण्याच्या दृष्टान्तानें चटकन् उमजेल. संकरित बियाणें दरसाल विकत घ्यावें लागतें; त्याचे आईबाप कोण, हें विकणारा सांगत नाहीं, आणि घरचें राखून पेरलें तर तें तसें उतरत नाहीं. उलट गांवरान वाण आपण राखतों, निवडतों, सुधारतों आणि शेजाऱ्यास पायलीभर देतों. 'आर' हें गांवरान वाणासारखें आहे. तें कोणींहि घ्यावें, वापरावें, त्याचें मूळ लेखन उघडून पाहावें, हवा तो फेरफार करावा आणि दुसऱ्यास द्यावें. अट एकच: देतांना घेणाऱ्यासहि तींच मोकळीक द्यावी. घेतलेल्या बियाण्यास कुलूप लावून तें विकावयास बसूं नये.

दुसरा दृष्टान्त सावडीचा. एकाचें शेत आज सर्वांनीं मिळून उरकावें, दुसऱ्याचें उद्यां. पैशाचा व्यवहार नाहीं, परंतु काम सर्वांचें होतें. 'आर'ची वाढ याच रीतीनें झाली. ज्याला जें गणित लागलें तें त्यानें लिहिलें आणि इतरांसाठीं ठेवलें. अशा जोडणीच्या भागांस पॅकेज म्हणतात. तीं ठेवण्याचें 'क्रॅन' नांवाचें सामायिक कोठार १९९७ सालीं ऑस्ट्रियांतील व्हिएन्ना येथें सुरू झालें; त्यांत आज वीस हजारांहून अधिक पॅकेजें आहेत. पेरू देशांत तयार झालेलें 'अग्रिकोले' हें त्यांपैकींच एक. तें चिठ्ठ्या टाकून प्रयोगाची मांडणी करून देतें आणि वाणांची तुलनाहि करतें. 'अ‍ॅग्रिडॅट' नांवाच्या दुसऱ्या पॅकेजांत जगभरच्या शेतीप्रयोगांचे जुने आकडे जपून ठेवले आहेत. साधा संगणक असला आणि एकदां उतरवून घेण्यापुरतें इंटरनेट मिळालें कीं काम भागतें.

उघड्या हिशेबाचा लाभ काय, याचें एक उदाहरण जवाच्या पिकाचें आहे. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत सहा ठिकाणीं जवाचे दहा वाण १९३१ व १९३२ अशीं दोन वर्षें पेरून पाहिले होते. पांच ठिकाणीं पहिल्या वर्षाचें उत्पन्न जास्त. मॉरिस नांवाच्या सहाव्या ठिकाणीं तेवढें उलटें. १९९३ सालीं विल्यम क्लीव्हलंड या विद्वानांनीं आलेख काढून असें मत मांडलें कीं, मॉरिसच्या आकड्यांत दोन वर्षांची अदलाबदल झाली असावी. हें मत पुष्कळांस पटलें. परंतु आकडे सर्वांपुढें उघडे होते. वीस वर्षांनीं, २०१३ सालीं, दुसऱ्या एका संशोधकानें त्याच प्रयोगक्षेत्रांचे अधिक वर्षांचे आकडे जमवून दाखविलें कीं, असा उलटा फरक जमीन व हवामान यांमुळेंहि पडूं शकतो. तेव्हां चूक झालीच असें म्हणतां येत नाहीं. साठ-ऐंशीं वर्षांपूर्वींच्या शेतांतील वजनांवर आजहि असा न्याय होऊं शकतो, कारण तीं कोणी कपाटांत बंद करून ठेवलीं नाहींत.

वाटाण्याच्या प्रयोगाचा धडा

आतां प्रत्यक्ष हिशेब पाहूं. 'आर' उतरवून घेतलें कीं त्याच्याबरोबर वाटाण्याच्या एका जुन्या खतप्रयोगाचे आकडे आपोआप येतात. नत्र, स्फुरद आणि पालाश हीं तीन खतें. प्रत्येक घालावें किंवा घालूं नये. सहा गट, प्रत्येक गटांत चार तुकडे, मिळून तुकडे चोवीस. प्रत्येक तुकडा एकराचा सत्तरावा भाग. बारा तुकड्यांस नत्र मिळालें, बारांस नाहीं. स्फुरद आणि पालाश यांचेंहि तसेंच.

नत्र न घातलेल्या तुकड्यांची सरासरी ५२.०७ पौंड भरली, घातलेल्यांची ५७.६८ पौंड. फरक ५.६ पौंडांचा, म्हणजे एकरीं सुमारें १७८ किलोंचा. वाटाणा हें शेंगवर्गांतलें पीक. हवेंतील नत्र तें आपल्या मुळांवरील गांठींत धरतें, म्हणून त्यास नत्राची गरज नाहीं, असें कोणी घरबसल्या म्हणाला असता. त्या जमिनीनें निराळें उत्तर दिलें. स्फुरद घातलेल्या तुकड्यांचें माप उलट १.२ पौंडांनीं कमी भरलें, आणि पालाश घातलेल्यांचें ४ पौंडांनीं कमी.

येथेंच शास्त्राचें काम सुरू होतें. नत्राचा कांहींच परिणाम नसता तर इतका फरक निव्वळ योगायोगानें दिसण्याचा संभव किती? हिशेब सांगतो, हजारांत सुमारें चार. म्हणजे नत्राच्या फरकावर भरंवसा ठेवण्यास हरकत नाहीं. स्फुरदाच्या बाबतींत तोच संभव शंभरांत सत्तेचाळीस आहे. म्हणजे स्फुरदानें उत्पन्न घटलें असें म्हणणें हें नाण्याच्या छापकांट्यावरून निकाल देण्यासारखें होय. पालाशाच्या बाबतींत शंभरांत सुमारें तीन. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं, परंतु एवढ्याच प्रयोगावरून पालाशाची गोणी कायमची फेंकून देणेंहि शहाणपणाचें नाहीं. असा प्रयोग पुन्हां करावा, दुसऱ्या जमिनींत करावा, मग बोलावें.

परंतु या हिशेबांतील सर्वांत महत्त्वाचा आकडा खतांचा नाहींच. चोवीस तुकड्यांच्या उत्पन्नांत जो एकूण चढउतार होता, त्याचे शंभर भाग केले तर सुमारें एकोणचाळीस भाग एका गटापासून दुसऱ्या गटापर्यंतच्या जमिनीच्या फरकाचे होते. नत्राचे केवळ बावीस. म्हणजे निवडक प्रयोगक्षेत्रांतसुद्धां मातीनें खतापेक्षां मोठा खेळ केला. आमच्या सभासदांच्या शेतांतील तो उकिरडा वाचकांस आठवला असेलच. गट पाडले नसते, चिठ्ठ्या टाकल्या नसत्या, तर मातीचें श्रेय खतास आणि खताचा दोष मातीस सहज गेला असता. आणि हा सर्व हिशेब 'आर'मध्यें एका ओळीच्या आज्ञेनें होतो. कोणाहि वाचकानें तो करून आम्हीं दिलेले आकडे पडताळून पाहावे. असा पडताळा ज्या आकड्यास सोसतो, तोच आकडा खरा मानावा.

अवजाराच्या मर्यादा

अवजाराची स्तुति करतांना त्याचे दोष झांकणें हें विक्रेत्याचें काम, आमचें नव्हे. 'आर' उघडतांच पहिल्याच मजकुरांत तें स्पष्ट बजावतें कीं, या सॉफ्टवेअरची कोणतीहि हमी दिलेली नाहीं. कोठारांतील सर्व पॅकेजें सारख्या योग्यतेचीं नसतात. कोणतें घ्यावें हें जाणत्यास विचारून ठरवावें. त्यास आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहून द्याव्या लागतात, आणि चुकलेल्या आज्ञेस तें जें उत्तर देतें तें नवख्यास कोड्यासारखें वाटतें. आरंभीं आठपंधरा दिवस मन लावून बसल्यावांचून हात बसत नाहीं.

याहून मोठी मर्यादा अशी कीं, कांट्यावर पाप झालें तर संगणक तें धुऊं शकत नाहीं. ओलें धान्य एका तुकड्याचें आणि वाळलेलें दुसऱ्याचें मोजलें, किंवा बिघडलेला तुकडा वहींतून गुपचूप गाळला, तर उत्तम सॉफ्टवेअर उत्तम रीतीनें खोटेंच उत्तर देईल. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

आपण काय करावें

आमच्या मतें प्रत्येक गांवच्या शेतकरी मंडळास पुढच्या हंगामांत एक छोटा प्रयोग अंगावर घेतां येईल. प्रश्न एकच असावा. दोन वाण, किंवा खताच्या दोन मात्रा. चार-पांच सभासदांनीं आपापल्या शेतांत सारख्या मापाचे तुकडे आंखावे. प्रत्येकाचें शेत हा एक गट. कोणत्या तुकड्यांत काय, तें मुलांच्या हातून चिठ्ठ्या उचलून ठरवावें. कडेच्या ओळी सोडून मधलें पीक कापावें, सारखें वाळवावें, एकाच कांट्यावर मोजावें, आणि चांगलें वाईट जें निघेल तें सर्व त्याच दिवशीं वहींत उतरावें. गांवांतला एखादा मुलगा वा मुलगी कृषि महाविद्यालयांत शिकत असेलच. तो हिशेब 'आर'मध्यें मांडण्याचें काम त्यांजकडे द्यावें. त्यांचा अभ्यास होईल, आपलें काम होईल, आणि दोहोंसहि परवान्यासाठीं पैसा पडणार नाहीं.

याचा उपयोग केवळ बाटली घ्यावी कीं न घ्यावी एवढ्यापुरता नाहीं. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत अधिसूचित क्षेत्राचें सरासरी उत्पन्न पीककापणी प्रयोगांवरून ठरतें, आणि तें उंबरठा उत्पन्नाखालीं गेलें तर नुकसानभरपाईचा हिशेब होतो. म्हणजे चिठ्ठीनें निवडलेल्या थोड्या तुकड्यांतील वजनांवर सबंध मंडळांतील कुटुंबांचा हंगाम तोलला जातो. तुकडे कसे निवडतात, किती तुकड्यांवर किती विश्वास ठेवावा, थोड्या तुकड्यांच्या सरासरींत किती चूक संभवते, हें ज्यास कळतें तो कापणीच्या दिवशीं बांधावर डोळे उघडे ठेवून उभा राहील, आणि शंका आली तर रागानें नव्हे, मुद्द्यानें विचारील. ज्यास कळत नाहीं तो निकाल लागल्यावर नशिबास दोष देत बसेल.

आकडे आपल्या घामांतून निघतात. वजन आपल्या खळ्यांत होतें. आजवर त्यांचा हिशेब मात्र दुसऱ्यांच्या बंद पेटींत होत आला. ती पेटी उघडण्याची किल्ली आतां कोणीं विकत घ्यावयाची राहिली नाहीं. जे सभासद असा प्रयोग करतील त्यांनीं आपली वही, जशी असेल तशी, मंडळाकडे धाडावी. प्रयोग फसला असेल तरीहि धाडावी, कारण फसलेला प्रयोग लपविला नाहीं तर तोहि शेजाऱ्याचे पैसे वांचवितो.